घर जाग्यावर, पत्ता फिरतीवर

"आधार दाखवा."

वैनीनं पर्समधून कार्ड काढून दिलं. कंडक्टरनं ते उलटं करून मागची बाजू बघितली आणि म्हणाला, "अक्का, हे कोल्हापूर जिल्ह्याचं हाय. तिकीट घ्यावं लागतंय."

मी शेजारीच बसले होते. आम्ही दोघी एकाच घरातून निघालो होतो, एकाच स्टॉपवर चढलो होतो आणि निपाणीच्या बाजारातून एकच पिशवी घेऊन त्याच घरी परतणार होतो. माझं तिकीट शून्य रुपयांचं, वैनीचं पैसे देऊन. वैनीनं गुपचूप पैसे काढून दिले. बसमधल्या चार बायका वळून बघत होत्या, त्याचंच तिला जास्त लागलं असावं. उतरल्यावर एवढंच म्हणाली, "दोन वर्षं झाली इथं भाकऱ्या थापतोय, अजून मी पावणीच काय गं?"

कंडक्टरची चूक नव्हती. ११ जून २०२३ पासून सुरू झालेली शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे आणि राहता हे दाखवायला कर्नाटकचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं. वैनीचं माहेर कागल तालुक्यातलं. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की पलीकडे. आमच्याकडं सोयरिकी अशाच होतात. कागल, गडहिंग्लज, चंदगडच्या पोरी इकडं येतात, निपाणी, खानापूर, बेळगावच्या पोरी तिकडं जातात. सीमा १९५६ ला आली, सोयरिकी त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू आहेत. माझा दादा तर रोज सकाळी कर्नाटकातून उठून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. म्हणजे नवरा दिवसातनं दोनदा सीमा ओलांडतो त्याचं कुणाला काही नाही, आणि बायको एकदाच ओलांडून आली तर दोन वर्षं कागदावर तिकडंच अडकली.

मी म्हटलं, हात्तिच्या, पत्ताच बदलायचाय ना? राज्यशास्त्र शिकतोय आपण, एवढं जमणार नाही? मित्रांनो, चार महिने गेले.

गंमत बघा. आधारचा पत्ता बदलायचा तर नव्या पत्त्याचा पुरावा पाहिजे. लाईट बिल माझ्या आज्जाच्या नावावर, तेही आज्जा जाऊन किती वर्षं झाली तरी. घरफाळ्याची पावती बाबांच्या नावावर. गॅस आईच्या. वैनीच्या नावावर या घरात काय आहे? चूल आहे, कागद नाही. तुमच्या घरात बघा, लग्न होऊन आलेल्या किती सुनांच्या नावावर एक तरी बिल आहे? बँकेचं पासबुक आहे, पण खातं आधारवरनं उघडलेलं, म्हणून त्यावरही पत्ता कागल तालुक्यातलाच.

मग राहिलं रेशन कार्ड. एका सेवा केंद्रात गेलो. तिथं सांगितलं, रेशन कार्डात नाव घालायला आधारवर इथला पत्ता पाहिजे. आम्ही म्हटलं, आधारवर इथला पत्ता यायला तर रेशन कार्ड पाहिजे. खिडकीतला माणूस हसला. म्हणाला, "सगळ्यांचं असंच आहे." वर माहेरच्या रेशन कार्डातनं नाव कमी केल्याचा दाखला आणा म्हणून सांगितलं. वैनीच्या भावानं दोन दिवस रजा टाकून तो आणून दिला. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. पुन्हा खिडकीवर गेलो तर उत्तर आलं, "हे मराठीत आहे. मला वाचता येत नाही. कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये करून आणा."

सरकारी दाखला. भारताच्याच एका राज्यानं दिलेला. पंचवीस-तीस किलोमीटरवरनं आलेला. आणि तो वाचायला दुभाषा पाहिजे.

आता थोडं कायद्याकडं येऊ. २०१६ चा आधार कायदा रहिवासी कुणाला म्हणतो? अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत मिळून १८२ दिवस भारतात राहिलेल्याला. त्याच कायद्याचं ९ वं कलम सांगतं की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. म्हणजे कायद्याचा प्रश्न साधा आहे: राहतेस का? खिडकीचा प्रश्न वेगळा आहे: कागद आहे का? या दोन प्रश्नांच्या मध्ये जी दरी आहे, तिच्यात आपल्या आया, वैन्या, भाड्याच्या खोलीत राहणारी पोरं आणि दुसऱ्याच्या मळ्यात राहणारे मजूर पडतात. ज्याच्या नावावर घर आहे त्याला पत्ता सिद्ध करायला पाच मिनिटं लागतात. ज्याच्या नावावर काही नाही त्यालाच सरकारी मदतीची गरज जास्त आणि पुराव्याची अडचणही त्यालाच जास्त.

सुरुवातीला हे असं नव्हतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं, ते आपल्याच मराठी मुलखात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. ज्यांच्याकडं कुठलाच कागद नाही त्यांना ओळख द्यायची, हीच तर या योजनेची जाहिरात होती. म्हणून तेव्हा परिचय देणाऱ्या माणसाची सोय ठेवली होती. कागद नसला तरी नेमलेला माणूस सांगायचा, हो, ही अमुक, इथं राहते. पुढं कार्ड सगळीकडं लागू होत गेलं आणि माणसाच्या शब्दाची किंमत कमी होत कागदाची वाढत गेली. आधारला ज्यांच्या नावानं कोर्टात आव्हान दिलं गेलं ते न्यायमूर्ती पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं बँक खातं आणि मोबाईलसाठी आधारची सक्ती काढली, पण सरकारी योजनांसाठी ते ठेवलं. म्हणजे ज्यांना योजना लागतात त्यांची खिडकीवरची रांग तशीच राहिली.

हे सगळं देशभर आहे, मग सीमाभागाचं वेगळं काय, असं कुणी विचारेल. वेगळं हे की इथं माणूस जागचा हलला नाही तरी पत्ता हलतो.

आमच्या घरात आज्जाची एक पत्र्याची ट्रंक आहे. वैनीसाठी कागद शोधताना मी ती पहिल्यांदा नीट उघडली. सगळ्यात खाली जमिनीचे जुने कागद, मराठीत, मुंबई राज्याचे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर राज्य म्हैसूर. १ नोव्हेंबर १९७३ ला त्याच राज्याचं नाव कर्नाटक. मधेच महाजन आयोग येऊन गेला. १९६७ च्या त्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावं अशी शिफारस होती. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, अंमलबजावणी झालीच नाही. १९७२ ला पिनकोड आला आणि निपाणीला ५९१२३७ हा आकडा चिकटला. १ नोव्हेंबर २०१४ ला जिल्ह्याचं नाव बेळगावचं बेळगावी झालं. काही वर्षांपूर्वी चिकोडी तालुक्यातनं निपाणी तालुका वेगळा निघाला. राज्य, राज्याचं नाव, जिल्ह्याचं नाव, तालुका, सगळं बदललं. आमच्या घराची पायरी मात्र आज्जानं बसवली तिथंच आहे.

आणि या प्रत्येक बदलाचा भार कुणावर? बाबांच्या मतदार कार्डावर चिकोडी तालुका आहे, माझ्या आधारवर निपाणी. दादाच्या मार्कशीटवर बेळगाव, माझ्या मार्कशीटवर बेळगावी. ऑनलाईन अर्जात अक्षर न् अक्षर जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो. सरकारनं नाव बदलायचं आणि ते दोन्ही एकच आहेत हे आम्ही सिद्ध करायचं! नाव बदलणाऱ्यानंच जुनं आणि नवं एकच धरायची सोय करायला नको का?

त्यात आपली नावं. मराठी नाव आधी कानडी लिपीत जातं, तिथनं इंग्रजीत, मग कुणीतरी ते परत वाचून टाईप करतो. चौगुलेमध्ये 'ओ यू' की 'ए यू'? सौंदलग्याचं तसंच. येळ्ळूरची सुरुवात 'वाय ई' की 'वाय ए'? एकाच घरातल्या तिघांच्या कार्डावर गावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं. आपण हसून सोडून देतो. पण स्कॉलरशिप अडकते तेव्हा हसू येत नाही.

आता दुसरी बाजूही बघायला पाहिजे, नाहीतर हा लेख नुसतं रडगाणं होईल. पुरावा मागूच नये का? मागावा की. सीमेवर दोन्हीकडं रेशन उचलणारे, दोन्हीकडं मतदार यादीत नाव ठेवणारे लोक असतात, हे आपल्याला माहीत नाही असं नाही. शक्ती योजनेचा पैसा कर्नाटकच्या तिजोरीतनं जातो, तर कर्नाटकात राहणाऱ्यालाच फायदा मिळावा ही अपेक्षा रास्त आहे. माझं भांडण तपासणीशी नाही, तपासणीच्या पद्धतीशी आहे. वैनी इथं राहते का हे कळायला गावात एक चक्कर पुरे. शेजारणीला विचारा, अंगणवाडीत विचारा, पाण्याच्या नळावर विचारा.

आणि असं करता येत नाही म्हणू नका. निवडणूक आयोग ते करतो. मतदार यादीत नाव घालायला ज्याच्याकडं पत्त्याचा ठरलेला कुठलाच कागद नाही, त्याच्यासाठी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करायची पद्धत आहे. ज्याला घरच नाही, जो फुटपाथवर किंवा पुलाखाली झोपतो, त्याच्यासाठी तर बीएलओनं रात्री तिथं जाऊन तो खरंच तिथं झोपतो का हे बघायचं असतं. तसं आढळलं की कागद मागायचा नाही. विचार करा, ज्याला छप्पर नाही त्याचा पत्ता मान्य करायची वाट या देशात आहे आणि घरात राहणाऱ्या सुनेला मात्र लाईट बिल पाहिजे. म्हणजे अडतं ते जागेवर जाऊन बघायच्या तयारीपाशी.

भाषेचंही तेच. घटनेचं ३५० वं कलम प्रत्येकाला अधिकार देतं की तक्रार निवारणासाठीचं निवेदन त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येईल. राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी संरक्षणं ठरली, त्यांत जिथं अल्पसंख्याक भाषा बोलणारे १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्या भाषेत द्यायचे असं आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अख्ख्या बेळगाव जिल्ह्यातच मराठी बोलणारे त्याहून जास्त आहेत, मग निपाणी-खानापूरचं सांगायलाच नको. आम्ही कन्नड शिकायला नाही म्हणत नाही. मी शाळेत शिकले, वाचते, खिडकीवर मोडकंतोडकं बोलते. पण कन्नड येणं ही रेशनची अट नाही आणि असूही नये. खिडकीतल्या माणसाला मराठी येत नसेल तर दोष एकट्या त्याचाही नाही. मराठी बोलणाऱ्या तालुक्यात मराठी वाचणारं कुणीतरी बसवणं हे सरकारचं काम आहे.

आता थोडं आपल्या माणसांशी.

वैनीचा पत्ता बदलतोय म्हटल्यावर गावातले एक काका म्हणाले, "कशाला? महाराष्ट्राचं कार्ड हाय ते राहू दे की. आपणहून कर्नाटक लिहून द्यायचं?" काकांच्या भावनेचा मला आदर आहे. त्यांनी लाठ्या खाल्ल्यात. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या फलकावरनं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पण काका, पत्त्याच्या रकान्यात कर्नाटक लिहिलं म्हणून दावा सुटत नाही. २००४ चा दावा महाराष्ट्र सरकारनं घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सुप्रीम कोर्टात घातलाय. दोन राज्यांमधला तो प्रश्न आहे आणि तो वैनीच्या आधार कार्डावर ठरणार नाही. उलट बघा, ८६५ गावं आमची असं महाराष्ट्र म्हणतो, २७ डिसेंबर २०२२ ला विधिमंडळानं एकमतानं ठराव केला, पुढच्याच वर्षी महात्मा फुले जनआरोग्य योजना या गावांना लागू केली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी पोरांसाठी वेगळी सोय आहे. पण ते घ्यायला जायचं तर पहिला प्रश्न काय? तुम्ही या ८६५ गावांपैकीच आहात याचा कागद दाखवा. तो कागद देणार कोण? इथलंच कार्यालय. म्हणजे महाराष्ट्राचा हक्क मागायलाही आधी कर्नाटकातला पत्ताच सिद्ध करावा लागतो.

त्यामुळं 'कागद नको, लढा पाहिजे' ही भाषा मला पटत नाही. पत्ता म्हणजे निष्ठा नाही. मी कुठं राहते एवढंच तो सांगतो. मी कोण आहे, कुठली भाषा बोलते, कुठल्या राज्यात असावं असं मला वाटतं, हे सांगायचा तो रकाना नव्हे. हे दोन वेगळे ठेवले तर आपण मोकळेपणानं दोन्ही करू शकतो. नाहीतर काय होतं? सीमाप्रश्न साठ-सत्तर वर्षं कागदावर चालतो आणि त्याचा भुर्दंड बसमध्ये वैनी भरते.

मग आमचं काम झालं कसं? ते सांगते, कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. जानेवारी २०२३ पासून आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलायची सोय आली आहे. स्वतःच्या नावावर कागद नसला तरी नवरा, बायको, आई, बाबा यांच्यापैकी कुणाचा पत्ता वापरता येतो. नातं दाखवायला लग्नाचा दाखला, रेशन कार्ड, मार्कशीट, पासपोर्ट यांतलं काहीतरी लागतं, आणि यातलंही काही नसेल तर कुटुंबप्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं स्वयंघोषणापत्र. अर्ज ऑनलाईन होतो. कुटुंबप्रमुखाच्या मोबाईलवर मेसेज येतो आणि त्यानं ३० दिवसांच्या आत मान्यता द्यायची असते. आमचे पहिले पैसे इथंच बुडाले. दादाच्या आधारला जुना नंबर जोडलेला, मेसेज कुठं गेला कुणास ठाऊक, ३० दिवस संपले. म्हणून आधी नंबर तपासा. ज्यांना हा रस्ता जमत नाही त्यांच्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्रही चालतं. ते तहसीलदार, आमदार, नगरसेवक, ग्रामपंचायत यांच्याकडनं घेता येतं, पण तीनच महिने चालतं. शहरात खोली करून राहणाऱ्यांनो, मतदार यादीसाठी कॉलेजच्या दाखल्यावर तुम्हाला हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव घालता येतं. घरमालक करार करून देत नाही म्हणून गप्प बसू नका.

हे सगळं मला कळायला चार महिने लागले. मी शिकलेली, हातात मोबाईल, इंग्रजी वाचता येतं. ज्या बाईला यातलं काहीच नाही तिचं काय? निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईनं एक दिवस खिडकीवर घालवला तर त्या दिवसाची मजुरी गेली. विडी कामगाराच्या ओळखपत्राला परत हाच फेरा.

म्हणून माझ्या मागण्या दोनच, एक सरकारकडं आणि एक आपल्याकडं. सरकारनं सीमेवरच्या तालुक्यांत सगळे फॉर्म मराठीतही ठेवावेत, शेजारच्या राज्याचा मराठी दाखला जसा आहे तसा घ्यावा, आणि लग्न होऊन आलेल्या बाईच्या पत्त्यासाठी जागेवर येऊन पडताळणी करावी. यातलं एकही काम सुप्रीम कोर्टाच्या निकालासाठी थांबलेलं नाही.

आणि आपण? १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत आपण शेकड्यांनी चालतो. त्यातल्या दहा जणांनी महिन्यातला एक रविवार गावच्या देवळात बसून लोकांचे फॉर्म भरून दिले तर? कुणाचा नंबर जोडलेला नाही, कुणाचं स्पेलिंग चुकलंय, कुणाचं नाव अजून माहेरच्या कार्डात आहे, याची यादी केली तर? तीच यादी उद्या तहसीलदारांपुढं ठेवता येईल, आणि ३५० व्या कलमाचा उल्लेख करून, मराठीत.

वैनीचं आधार शेवटी आलं. त्यावरनं रेशन कार्डात नावही चढलं. त्या दिवशी तिनं कार्ड हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि माझ्यापुढं धरलं. सगळं कानडीत होतं.

"यात माझं नाव कुठलं गं?" तिनं विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं.